जुळं घराण्यातून येतं का? आईकडून की वडिलांकडून?

गोदाकाठची | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माहेर गंगाखेड, सासर औसा. प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. ती परभणीत असते, तिला नववा आठवडा चालू आहे आणि परवाच्या सोनोग्राफीत दोन गर्भ दिसले. दोघांचेही ठोके लागलेत. घरात आनंद आहेच, पण त्याच दिवसापासून एक वादही सुरू झालाय.

तिच्या सासूबाई म्हणतात, "आमच्यात जावळं आहे, माझे चुलत सासरे जोडीनं जन्मलेले, हे आमच्याकडूनच आलं." माझी आई म्हणते, तिच्या मावशीला जुळी झाली होती, म्हणजे हे गंगाखेडचं. शेजारच्या काकूंनी तिसरंच सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बहिणीनं चिकटलेलं जोडकेळं खाल्लं होतं, म्हणून.

मला खरं काय ते समजून घ्यायचंय. मला दोन मुली आहेत, दोघी वेगवेगळ्या बाळंतपणातल्या. पुढे त्यांना जुळं होऊ शकतं का? माझ्या भावाच्या मुलीला? एकाच आईच्या आम्ही दोघी बहिणी, मग मला कसं नाही झालं? आणि सगळ्यात आधी, बहिणीची काळजी कशी घ्यायची?

तुळजापूरकर | १२ जून, रात्री १०:०५

अभिनंदन ताई. आई भवानी दोन्ही बाळांना सुखरूप आणो. आमच्याकडं जोडकेळं लग्न न झालेल्या पोरींना आजही देत नाहीत. आमची आजी तर हातातून काढून घ्यायची. खरं-खोटं माहीत नाही, पण ऐकत आलोय.

करडई | १२ जून, रात्री ११:३०

उदगीरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. दर वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हाच प्रश्न विचारतो, म्हणून सविस्तर लिहितो.

जुळं दोन तऱ्हेचं असतं आणि 'घराण्यातून येतं का' याचं उत्तर दोन्हींसाठी अगदी वेगळं आहे. घरातल्या भांडणात नेमका हाच भेद कोणी करत नाही.

पहिली तऱ्हा म्हणजे वेगळी जुळी. एरवी एका पाळीत एकच स्त्रीबीज पिकून बाहेर पडतं. कधी दोन पडतात, दोन्ही फळतात आणि दोन बाळं वाढतात. ही बाळं म्हणजे एकाच वेळी जन्मलेली साधी भावंडं. एक मुलगा एक मुलगी असू शकतात, रंग-रूप वेगळं असू शकतं. दुसरी तऱ्हा म्हणजे एकसारखी जुळी. यात स्त्रीबीज एकच, ते फळल्यावर पहिल्या काही दिवसांत दुभंगतं. यात दोघं मुलगे किंवा दोघी मुली.

एकसारख्या जुळ्यांचं प्रमाण जगभर बहुतेक सारखंच आहे, हजार बाळंतपणांमागे साधारण चार. नायजेरिया असो, जपान असो की आपला मराठवाडा, फारसा फरक नाही. कुळातून येणारी गोष्ट असती तर असं दिसलं नसतं. काही विरळ घराण्यांत अशी जुळी वारंवार झाल्याच्या नोंदी आहेत, पण बहुतांश वेळा हा योगायोग असतो.

वेगळ्या जुळ्यांमध्ये मात्र आनुवंशिकता खरीच आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच नावाचं संप्रेरक येतं. त्याच्या जोरावर दर महिन्याला अंडाशयात बरीच बीजं वाढायला लागतात, मग त्याची पातळी उतरते, एकच बीज तगतं आणि बाकीची विरतात. ज्या बाईत हे संप्रेरक थोडं जास्त असतं किंवा अंडाशय त्याला जास्त दाद देतं, तिची कधीकधी दोन बीजं तगतात. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात दोन जनुकं यात गुंतलेली सापडली, एफएसएचबी आणि एसएमएडी३. पहिलं त्या संप्रेरकाच्या पातळीशी जोडलेलं, दुसरं अंडाशयाच्या प्रतिसादाशी. पण ती दोन्ही मिळूनही गोष्टीचा छोटा भाग आहेत. इतरही पुष्कळ जनुकांचा हात आहे, प्रत्येकाचा थोडा थोडा.

बीज पिकतं बाईच्या शरीरात. म्हणून बहिणीला वेगळी जुळी असतील तर नवऱ्याच्या चुलत आजोबांचा त्यात काही संबंध नाही. तिच्या आईच्या मावशीचा असू शकतो.

जोडकेळ्याचा गर्भाशी कसलाच संबंध नाही. केळफुलातली दोन कोवळी फळं एकमेकांना चिकटून वाढतात आणि जोडकेळं होतं. मुलींना खुशाल खाऊ द्या.

शेळीपालक_भूम | १३ जून, सकाळी ६:५०

सर, माणसाचं मला माहीत नाही, शेळीचं सांगतो. वीस वर्षं झाली, उस्मानाबादी शेळ्या पाळायलोय. आमच्या जिल्ह्याच्या जुन्या नावावरूनच या जातीचं नाव आहे. या शेळीला दोन करडं ही नवलाईच नाही, कधी तिळंबी होतं. पण कळपातल्या सगळ्याच शेळ्या तशा नसतात. काही दर वेताला एकच देतात, त्यांच्या लेकीबी तशाच निघतात.

आता बोकड. बाजारात नवीन माणूस बोकडाचं वजन बघतो, शिंगं बघतो, काळा रंग बघतो. आम्ही विचारतो, याच्या आईनं किती दिली? तिनं वेताला दोन-दोन दिली असतील तरच तो कळपात ठेवायचा. बोकड स्वतः काही वीत नाही. त्याला सोडला म्हणून त्या साली करडं दुप्पट होत नाहीत. पण त्याच्या लेकी मोठ्या होऊन विल्या की फरक दिसतो. म्हणून ताई, मला वाटतं बापाचा अगदीच हात नाही असं नसावं. तो एक पिढी उशिरा दिसतो.

करडई | १३ जून, दुपारी १:१५

भूमच्या दादांनी जे लिहिलंय त्यापेक्षा स्पष्ट मी वर्गातही सांगू शकलो नसतो. माणसातही नेमकं हेच होतं. पुरुषाला ही जनुकं आईकडून किंवा वडिलांकडून मिळू शकतात. त्याच्या बायकोच्या गर्भारपणावर त्यांचा परिणाम होत नाही, कारण बीजं तिची. पण तो ती आपल्या मुलीला देतो. म्हणजे गोदाकाठच्या ताईंच्या भावाच्या मुलीला हा वारसा मिळालेला असू शकतो. तिची आई कुठल्याही घराण्यातली असो.

महाराष्ट्रातलंच आणखी एक उदाहरण. धनगरांची दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोल नावाच्या लहानखुऱ्या मेंढीतलं एक जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणलं. त्याचं नाव फेकबी. ही मेंढी नारी सुवर्णा म्हणून ओळखली जाते आणि तिला जुळी कोकरं सहज होतात. तिथे एकच जनुक एवढं जोरदार काम करतं. माणसात असं एकच दणकट जनुक नाही, म्हणून माणसाचा हिशेब मेंढीइतका ठाम करता येत नाही.

बालाघाट | १३ जून, रात्री ८:२०

सर, तुमचं पटत नाही. माझे वडील जोडीतले, त्यांच्याबरोबर आत्या जन्मली. आणि मला जुळे मुलगे आहेत, आता इयत्ता चौथीत. माझ्या बायकोच्या माहेरी, केजला, सात पिढ्यांत जुळं नाही. मग हे माझ्या वडिलांकडून आलं नाही तर कुठून आलं? आमचं घर समोर जिवंत पुरावा असताना पुस्तकातलं कसं मानायचं?

करडई | १३ जून, रात्री ८:५०

रागावू नका. एक विचारतो, दोघे मुलगे दिसायला कसे आहेत?

बालाघाट | १३ जून, रात्री ९:०२

हुबेहूब. लहान असताना एकाच्या पायात काळा दोरा बांधायचो म्हणून ओळखू यायचे. आजही फोनवर आवाज ओळखत नाही मी.

करडई | १३ जून, रात्री ९:४०

मग तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. वडील आणि आत्या, म्हणजे मुलगा-मुलगी, म्हणजे नक्की दोन बीजं. ते तुमच्या आजीचं देणं. तुमचे मुलगे इतके सारखे आहेत तर ते बहुधा एका बीजाचे, आणि तसं असेल तर त्यात ना तुमच्या वडिलांचा वाटा ना केजचा. एकाच घरात दोन्ही घडल्यामुळे साखळी दिसते. आजीचा खरा वारसा तुमच्याकडे असेल तर तो तुमच्या मुलीत दिसेल, किंवा आत्याच्या मुलीत.

बीज का दुभंगतं याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. २०२१ मध्ये संशोधकांना एकसारख्या जुळ्यांच्या डीएनएवर काही रासायनिक खुणा सापडल्या, वेगवेगळ्या देशांतल्या जुळ्यांमध्ये सारख्याच. त्या दुभंगण्याचं कारण आहेत की दुभंगल्याचा व्रण, हेही ठरलेलं नाही.

आणि 'सात पिढ्यांत नाही' याबद्दल एक विनंती. पिढ्यांचा हिशेब फक्त जगलेल्या मुलांवरून करू नका. जुनी बाळंतपणं घरात व्हायची, जुळी बाळं दिवसांआधी आणि वजनाने कमी जन्मायची. दोघांतलं एक किंवा दोघंही जायची. वंशावळीत त्यांचं नाव लागत नाही. खरी माहिती घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे असते आणि तीही कोणी विचारल्याशिवाय सांगत नाही.

आरोग्यसेविका_जिंतूर | १४ जून, सकाळी ७:३०

गोदाकाठची ताई, वारसा कोणाचा ते नंतर. बहिणीला ११ ते १३ आठवड्यांच्या सोनोग्राफीला पाठवा आणि डॉक्टरांना एकच प्रश्न नीट विचारा: वार (प्लासेंटा) एक आहे की दोन? उत्तर रिपोर्टवर लिहून घ्या. वार वेगवेगळी असेल तर दोन पिशव्यांमधल्या पडद्याच्या बुडाशी वारेचा पाचरीसारखा त्रिकोण घुसलेला दिसतो, त्याला लॅम्डा खूण म्हणतात. एकच वार असेल तर पडदा पातळ असतो आणि सरळ टी अक्षरासारखा टेकतो. हे याच आठवड्यांत स्वच्छ दिसतं, पुढे ओळखणं अवघड होतं.

याला एवढं महत्त्व का? एका वारेवर दोन बाळं असली तर वारेतल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. अशा दहा-पंधरा टक्के गर्भारपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जायला लागतं. एक सुकतं, दुसरं सुजतं, आणि दोघांच्या जिवाला धोका होतो. म्हणून एक वार असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. दोन असतील तर साधारण महिन्याला एकदा.

लोकांची एक चूक नेहमी होते. 'दोन वार म्हणजे वेगळी जुळी' असं धरून चालतात. एकसारख्या जुळ्यांतही जवळजवळ एक तृतीयांशांत वार दोन असतात. एक वार म्हणजे एकसारखी हे बहुतेक पक्कं, पण उलटं खरं नाही.

रक्त वाढीच्या गोळ्या चुकवू नका, जुळ्यात अंगावरचं रक्त लवकर कमी होतं. रक्तदाब दर भेटीला. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात, तेव्हा नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच बाळंतपण ठरवा आणि सातव्या महिन्यापासून दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तिथे जुळं असल्याचं स्वतःहून सांगा.

आणि मन घट्ट करून एक ऐका. नवव्या आठवड्यात दोन दिसले तरी काही वेळा बाराव्यापर्यंत एक विरून जातो. बाईच्या हातून काही चुकल्यामुळे तसं होत नाही. तोवर गावभर सांगू नका.

मांजराकाठ | १४ जून, रात्री ११:१०

इथे नाव नाही म्हणून लिहिते. मला आठ वर्षांची जुळी आहेत, मुलगा आणि मुलगी. आमच्या गावात सगळे म्हणतात, हिच्या माहेरी जावळं आहे. मीही मान हलवते. खरं असं आहे की लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं आणि एका दवाखान्यात मला बीज वाढवायच्या गोळ्या दिल्या. एकदाही सोनोग्राफी करून किती बीजं वाढली ते पाहिलं नाही. तीन महिने नुसती चिठ्ठी लिहून दिली. तेहतिसाव्या आठवड्यात बाळंत झाले. दोघं एकवीस दिवस काचेत होती. मुलीचं वजन सव्वा किलो.

मुलं सुखरूप आहेत. पण माझी नणंद माझ्याकडे बघून तेच औषध दुकानातून मागायला निघाली होती, तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्या गोळ्यांनी जुळं होण्याची शक्यता कितीतरी वाढते, तपासणीशिवाय घेऊ नयेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. टेस्ट ट्यूबमध्येही दोन गर्भ सोडले तर जुळी होतात. सर, तुम्ही पिढ्यांच्या हिशेबात मेलेली बाळं धरा म्हणालात. आमच्यासारख्याही धरा. आम्ही गप्प बसतो आणि ते सगळं 'घराण्यावर' जातं.

करडई | १५ जून, सकाळी ९:२५

ताई, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. १९८० च्या दशकापासून २०१५ पर्यंत जगातलं जुळ्यांचं प्रमाण हजारी ९ वरून १२ पर्यंत गेलं. त्यामागची मोठी कारणं उपचार आणि उशिरा होणारी मुलं हीच आहेत. पस्तिशीच्या आसपास एफएसएच आपोआप चढतं, म्हणून त्या वयात वेगळी जुळी जास्त होतात. आजोळच्या जनुकांत एवढ्या वर्षांत काहीच बदललेलं नाही.

लाल_कंधारी | १५ जून, दुपारी ४:००

एक शंका. आमच्याकडं गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा एक कालवड, तर ती कालवड गाभण राहत नाही असं जुनी माणसं सांगतात आणि मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या भाचीचा जोडीदार भाऊ आहे. सोयरिकीला आलेल्या एका पाहुण्यानं हाच मुद्दा काढला आणि नकार कळवला. पोरगी रडायली. खरं आहे का हे?

करडई | १५ जून, दुपारी ४:४५

गाईत खरं आहे, माणसात अजिबात नाही. गाईच्या पोटात दोन वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात, गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीत जातात आणि तिची जननेंद्रियं नीट घडत नाहीत. अशा दहातल्या नऊहून जास्त कालवडी वांझ निघतात. बाईच्या पोटात भाऊ-बहीण असली की दोघांची वार वेगळी असते आणि रक्त मिसळत नाही. भाचीला मुलं होण्यात भावामुळे कसलीही अडचण नाही. उलट तिच्या आईची दोन बीजं पिकली होती, म्हणजे तिला स्वतःला जुळं होण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्तच. हा धागा पाहुण्यांना दाखवा.

सीताफळ_बीड | १५ जून, रात्री १०:३०

मी जुळ्या मुलींची आई. घराण्याचा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो. बारशाला कोणी आलं नाही. "एकदम दोन, आणि दोन्ही पोरी, हे तुझ्याच माहेरचं" असं मी वर्षभर ऐकलं. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, तो आकडा आम्ही बायका आकडा म्हणून वाचत नाही. तुमच्याच उत्तरावरून विचारते सर: जुळं माझ्याकडून आलं असेल, पण मुलगी होणं?

करडई | १५ जून, रात्री १०:५५

मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. बाईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच मिळतं, एक्स की वाय ते वडिलांकडून येतं. बाईच्या माहेराचा त्यात काडीचा वाटा नाही. माझ्या प्रत्येक वर्गात मी हे फळ्यावर काढतो आणि मुलांना घरी जाऊन आजीला समजावून सांगायला लावतो. तुमच्या लेकींना माझे आशीर्वाद.

अंबाजोगाईकर | १६ जून, दुपारी १२:१०

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात कोडिन्ही नावाचं गाव आहे, तिथे शेकड्यांनी जुळी आहेत. तिथल्या पाण्यात काही असेल का?

करडई | १६ जून, दुपारी २:००

शास्त्रज्ञांनी तिथल्या लोकांचे नमुने नेऊन तपासले, पाण्यात किंवा खाण्यात ठोस काही हाती लागलेलं नाही. नायजेरियातल्या इग्बो-ओरामध्ये हजारी ४५ ते ५० जुळी होतात आणि लोक त्याचं श्रेय तिथल्या कंदाला देतात, तेही सिद्ध नाही. ब्राझीलच्या कांदिदो गोदोईत मात्र थोडक्या कुटुंबांनी वस्ती केली आणि आपसात सोयरिकी झाल्या, त्यातून एक जनुकीय वारसा पसरला, असं २०११ च्या अभ्यासाचं म्हणणं आहे.

ताईंच्या मूळ प्रश्नाचं एक राहिलं, 'मला का नाही?' आई किंवा बहिणीला वेगळी जुळी असली की शक्यता साधारण दुप्पट होते. समजा हजारात सहा होती ती बारा झाली, तरी ९८८ बायकांना एकेकच बाळ होणार. तुम्ही त्यांतल्या.

गोदाकाठची | ८ जुलै, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला.

बहिणीची बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी झाली. दोन्ही बाळं ठीक आहेत. सेविकाताई, मी सोबत गेले होते आणि तुमचाच प्रश्न विचारला. दोन वार आहेत. सोनोग्राफी मशीनच्या पडद्यावर तो त्रिकोण डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवला आणि रिपोर्टवर लिहूनही दिलं. एकसारखी की वेगळी ते जन्मल्यावर कळेल.

करडई सर, तुम्ही म्हातारीला विचारा म्हणालात. गेल्या रविवारी आईला घेऊन पालमला तिच्या मावशीकडे गेले. मावशीआज्जी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला तिच्या जुळ्यांबद्दल विचारलं तर ती म्हणाली, माझं काय विचारता, हिच्या आईलाबी झालं होतं की.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आठव्या महिन्यात तिथून आली ती कण्हतच, आणि रात्री बाळंत झाली. एक मुलगा, एक मुलगी. मुलगा तिसऱ्या दिवशी गेला, मुलगी सातव्या. बारसं झालंच नाही. आई तेव्हा सहा वर्षांची होती, तिला पालमला आणून ठेवलं होतं आणि परत गेल्यावर एवढंच सांगितलं की बाळ देवाघरी गेलं. पन्नास वर्षं आई एकच बाळ धरून चालली होती.

येताना गाडीत आई काही बोलली नाही. गंगाखेडला उतरल्यावर म्हणाली, पोरीला सांग, वजन उचलू नको म्हणावं. पुढची तपासणी ९ तारखेला आहे. आई स्वतः जाणार आहे सोबत.